महामार्गावरच्या अपघातात कर्ता माणूस गेला: दावा कुठे, कसा, किती?

काजूगर (प्रश्न)

हातखंब्याच्या अलीकडे मुंबई-गोवा महामार्गावर कंटेनरने मोटारसायकलीला मागून ठोकर दिली. चालवणारा, वय ४१, जागीच गेला. मागे बसलेल्या २८ वर्षांच्या तरुण मुलाची नडगी दोन ठिकाणी मोडली. आधी सिव्हिल, मग कोल्हापूर, आता आत रॉड आहे. गेलेल्याची हापूसची कलमं आणि थोडी काजूची बाग. घरात बायको, दोन शाळकरी मुलं आणि आई. जखमी मुलगा हंगामात बागांतून आंबा उतरवायला जातो, बाकी वर्षभर मिळेल ती मजुरी.

गुन्हा दाखल आहे, कंटेनरचा विमाही चालू आहे. आज सात आठवडे झाले. विमा कंपनीकडून आलेला माणूस म्हणतो, कोर्टात न जाता पाच लाख मिळतील, सही करा. करावी का? पगाराची स्लिप नाही, रिटर्न कधी भरलेलं नाही, तर उत्पन्न दाखवायचं कसं? आणि केस रत्नागिरीतच चालते ना?

दावा-दप्तर (उत्तर)

सही करू नका. आधी हे वाचा.

ते पाच लाख मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चे आहेत. चूक कोणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला २.५ लाख. ज्यांच्याकडे चूक सिद्ध करण्यासारखं काही नाही त्यांना ही तरतूद मोठा आधार आहे. पण त्या वाटेने रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा दावा संपतो, ही अट कायद्यातच लिहिलेली आहे. इथे मागून ठोकर आहे, गुन्हा आहे, विमा आहे. म्हणजे १६६ चा दावा भक्कम आहे.

फरक किती पडतो ते आकड्यात पाहा. महिना १८,००० उत्पन्न शाबीत झालं असं धरू. वय ४० ते ५० मधला स्वतःचा धंदा असणारा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के: २२,५००. अवलंबून चौघं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: १६,८७५. वर्षाचे २,०२,५००. वय ४१ ते ४५ ला गुणक (वर्षाची रक्कम जितक्याने गुणायची तो आकडा) १४, म्हणजे २८,३५,०००. यावर सहवासाच्या हानीचे प्रत्येकी ४८,४०० प्रमाणे बायको, दोन मुलं आणि आई मिळून १,९३,६००. अंत्यविधी आणि मालमत्तेची हानी (त्याने मागे ठेवली असती ती बचत) मिळून ३६,३००. एकूण ३०,६४,९००, आणि वर व्याज. गुणक आणि वजावट सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातून आलेत. वाढीचे टक्के आणि ठरावीक रकमा त्याच न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून. त्या रकमा दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात, म्हणून ४० हजारांचे आता ४८,४०० झाले.

मुदत: १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाने दावा अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत लावायचा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला (हे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) पाठवायचा असतो. तो गेला असं गृहीत धरून बसू नका, ठाण्यात जाऊन विचारा आणि आपला अर्ज वेगळा लावा.

जागा: अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे, कुठेही चालतं. घर जिल्ह्यातच असेल तर रत्नागिरीच बरी, कारण पंच, पोलीस आणि डॉक्टर सगळे इथले. अपिलासाठीही आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं काम उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे.

कातळावरचं कलम (उत्तर)

उत्पन्नाबद्दल लिहितो, कारण बागायतदारांचे दावे इथेच मार खातात.

घरचे वाशी बाजारातल्या दलालाच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्यांचा गठ्ठा घेऊन येतात. पट्टीवर पेट्या, दर आणि भाडं-हमाली वजा जाऊन उरलेली रक्कम असते. बेरीज केली की पाच-सहा लाख दिसतात आणि तोच आकडा अर्जात टाकला जातो. मग विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत दोनच गोष्टी विचारतो: फवारणी, खत, राखण, पेट्या यांचा खर्च किती? आणि बाग आज कोणाकडे आहे? बाग वारसांकडेच आहे. कलमं पुढच्या वर्षीही धरणार. म्हणून न्यायाधिकरण बागेचं सगळं उत्पन्न धरत नाही, फक्त त्या माणसाची मेहनत आणि देखरेख गेली तिची किंमत धरतं.

तेव्हा तीच किंमत दाखवा. त्याच्या जागी आता फवारणीला, राखणीला, माल भरायला माणूस ठेवावा लागला असेल तर त्याला पैसे बँकेतून द्या आणि तो माणूस साक्षीला आणा. सोबत सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, पीककर्जाचं खातं, तीन वर्षांचं पासबुक. पट्ट्या वडिलांच्या किंवा भावाच्या नावे निघत असतील तर ते आधीच अर्जात लिहा, नंतर सांगितलं की संशय येतो. मृत्यूनंतर घाईने रिटर्न भरू नका. तसलं रिटर्न कोणी मानत नाही, उलट बाकीच्या कागदांवरही शंका घेतली जाते.

आता जखमी मुलगा. त्याचा दावा वेगळा, अर्ज वेगळा. पाठीमागे बसलेल्याची गाडी चालवण्यात चूक नसते. उद्या मोटारसायकलवाल्याचाही थोडा दोष निघाला, तरी त्याला पूर्ण रक्कम कंटेनरच्या विम्याकडून मागता येते.

त्याच्या बाबतीत अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालात स्पष्ट केलेलं आहे. कारकुनाचा गुडघा वाकेनासा झाला तरी तो टेबलावर बसू शकतो. पण कलमावर चढून, फांदीत पाय रोवून, एका हाताने झेल्याची (आंबा उतरवायच्या जाळीची) काठी पेलायची तर गुडघा आणि घोटा दोन्ही पूर्ण वाकायला हवेत. समजा महिना १४,०००. वाढ ४० टक्के, म्हणजे १९,६००, वर्षाचे २,३५,२००, वय २८ ला गुणक १७, म्हणजे ३९,९८,४००. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट नसते. घट ४० टक्के धरली तर १५,९९,३६०, ६० टक्के धरली तर २३,९९,०४०. हा आठ लाखांचा फरक डॉक्टरच्या साक्षीवर ठरतो. नुसता दाखला जोडून भागत नाही. डॉक्टरला समन्स काढून उभं करा आणि हा मुलगा झाडावर चढू शकेल का, हे थेट विचारा.

बिलांचं एक सांगतो. औषधदुकानाची चकचकीत कागदावरची पावती काही महिन्यांत कोरी पडते. आजच झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचा. कोल्हापूरच्या खेपांचं गाडीभाडं, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, पुढे रॉड काढायचा अंदाजी खर्च, सगळं मागता येतं.

काजूगर

दोघांचेही आभार. एक अडचण आहे. सिव्हिलच्या केसपेपरवर मुलाच्या नावापुढे ‘दुचाकी घसरून पडला’ एवढंच लिहिलंय. कंटेनरचा उल्लेखच नाही.

दावा-दप्तर

विमा कंपनी हेच पान पहिलं काढणार. खाडाखोड करून घेऊ नका, कोणी देतो म्हणाला तरी नको. त्या घाईत नर्सला जे कोणी सांगितलं ते लिहिलं गेलं, हे पटवायला बाकीचे कागद लागतील: त्याच दिवशीची फिर्याद आणि तिच्यातला कंटेनरचा नंबर, घटनास्थळाचा पंचनामा, आणि मोटार वाहन निरीक्षकाचा दोन्ही गाड्यांचा तपासणी अहवाल. मोटारसायकलचा मागचा मडगार्ड आणि नंबरप्लेट आत दबलेली, कंटेनरचा पुढचा बंपर घासलेला, असं त्यात असेल तर ‘घसरून पडला’ टिकत नाही. रुग्णवाहिका १०८ ची असेल तर तिची नोंदही मागवा. मुलाचा पोलीस जबाब अजून झाला नसेल तर याच आठवड्यात द्या. उशिरा दिलेल्या जबाबाला ‘कंटेनर केसमध्ये मागाहून घुसवला’ म्हणतात.

वकिलाबद्दल. निकालाच्या रकमेतला टक्का ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या कागदावर सही देऊ नका. वहिनींना, म्हणजे गेलेल्याच्या बायकोला, बाई म्हणून, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय रत्नागिरीत जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. जाताना फिर्यादीची प्रत, मृत्यूचा दाखला, आधार आणि रेशनकार्ड सोबत न्या. आईंचं नाव अर्जदार म्हणून घालायला विसरू नका, बरेचदा राहून जातं. चौघांऐवजी तिघं मोजले तर वजावट एक चतुर्थांशाची एक तृतीयांश होते आणि वरच्या हिशेबात गुणकाची रक्कमच ३,१५,००० ने खाली येते.