मदत हवी आहे: रोज चालायलो, पोळी बंद, तरी काटा ९१ वरच

गोदाकाठ
पोळ्यापासून रोज सकाळी कृषी विद्यापीठात चालायला जायलो. दोन्ही वेळ ज्वारीची भाकरीच. गोड बंद, चहात साखर नाही. सुरुवातीला दोनेक किलो उतरले, अन् आता काटा हलायलाच तयार नाही. नेमकं काय करावं ते सांगा. ‘पाणी भरपूर प्या, टेन्शन घेऊ नका’ वाले प्रतिसाद नकोत.

शुभदा_नांदेड
वय? उंची? कंबर? नुसत्या ९१ वरून काय सांगणार?

गोदाकाठ
४६. ५ फूट ६. पँट ३८ ची.

शुभदा_नांदेड
पँटीची नाही हो, बेंबीजवळ टेप लावून सांगा. पँट सगळेच पोटाखाली घालतात. पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या पुढं धोका धरतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, ३२ च्या वर गेलाय तुमचा, आपल्याकडं २५ पासूनच लठ्ठपणा मोजतात.

दोनदाच
दीक्षित डाएट सुरू करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत आटपायचं, मध्ये काही नाही. विषय संपला.

तुळजाई
उपाशी राहून पित्त होतं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर ऐका, थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खा.

दोनदाच
म्हणजे शेळीसारखं दिवसभर चरत राहायचं?

तुळजाई
तुमचं उतरलं म्हणून सगळ्या गावाचं उतरतं का?

काळीमाती
ज्वारी कोणती खाता? ‘परभणी शक्ती’ बघा. विद्यापीठ अन् इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं मिळून काढलेला वाण, २०१८ चा. लोह, जस्त जास्त.

तुळजाई
लोहानं वजन कसं उतरणार?

काळीमाती
उतरतं असं म्हणलो का मी? चांगली आहे म्हणून सांगितलं.

शुभदा_नांदेड
भाकरीनं आपोआप कुणी बारीक होत नाही. ज्वारीचं पीठ अन् गव्हाचं पीठ, कॅलरी जवळपास सारख्याच. तेल किती लागतं घरात ते सांगा.

गोदाकाठ
बायकोला विचारलं. आम्ही चौघं. १५ किलोचा डबा अडीच महिने जातो. लई नाही.

शुभदा_नांदेड
७५ दिवस, चार माणसं. रोज माणशी ५० ग्रॅम झालं. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ४५० नुसत्या तेलाच्या. तुमच्या वजनाला तासभर चालून तीनशे-साडेतीनशे जळतात. शेंगदाण्याची चटणी असते का पानात?

गोदाकाठ
ती तर असतीच. वरून कच्चं तेल घेतल्याशिवाय घास उतरत नाही.

तुळजाई
घाण्याचं करडई तेल घ्या, त्यानं वजन वाढत नाही.

शुभदा_नांदेड
घाण्याचं असो की रिफाइंड, ९ म्हणजे ९. गोदाकाठ, महिन्याचं ३ किलो तेल वेगळ्या बरणीत काढा. तेवढ्यातच भागवायचं, डब्याला हात लावायचा नाही. माणशी २५ ग्रॅमवर याल.

दोनदाच
एवढं मोजत बसायची गरजच नाही. दोनदा जेवा.

गोदाकाठ
हे सोपं वाटायलंय. उद्यापासून नाश्ता बंद. शुगरची गोळी सकाळी चहासोबत घेतली तर चालेल ना?

शुभदा_नांदेड
कोणती गोळी?? हे आता सांगताय?

गोदाकाठ
शुगर कुणाला नाही आजकाल? ग्लिमेपिराइड अन् मेटफॉर्मिन, दोन्ही एकातच.

मेडिकलवाला
थांबा. ग्लिमेपिराइड घेऊन नाश्ता टाळला की शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, चक्कर. चालताना झालं तर रस्त्यातच पडाल. डॉक्टरला विचारल्याशिवाय हे दोनदा जेवण नको. अन् दुसरं कुणीच विचारलं नाही ते सांगतो: ग्लिमेपिराइडनं बऱ्याच जणांचं वजन वाढतं. मेटफॉर्मिननं तसं होत नाही. म्हणून मनानं बंद करू नका, पण गोळी बदलता येते का ते सरळ विचारा. रोजच्या चालण्यातली १५ मिनिटं जेवणानंतर टाका, शुगरलाही बरं.

दोनदाच
शुगरचं आधी सांगितलं असतं तर मी बोललोच नसतो.

लातूरी
सगळं खरं, पण येळवशीचा सण तोंडावर आला. भज्जी-आंबील सोडणार का? शेतात या आमच्या, विद्यापीठापेक्षा जास्त चालणं होईल.

गोदाकाठ
येळवशीचं नंतर बघू. डॉक्टर सोमवारी बसतात, गोळीचं विचारून इथंच कळवतो. बायको म्हणायली, बरणी काढते, पण चटणीवरचं तेल त्यातलंच धरायचं का वेगळं?

शुभदा_नांदेड
त्यातलंच!