मदत हवी आहे: म्युझियमच्या साइटवरचा फोटो वापरला तर चालतो का?

घाईत_आहे
लोकहो, साधा प्रश्न आहे. म्युझियमच्या साइटवरून एक फोटो उतरवून घेतलाय, वस्तू जवळजवळ दोन हजार वर्षं जुनी, म्हणजे कॉपीराइट कधीच संपला ना? पण खाली सीसी बाय-एनसी-एसए असं काहीतरी लिहिलंय. वापरू की नको तेवढं सांगा, उद्या फाइल द्यायचीय.

रिकामटेकडा
कुठलं म्युझियम? वस्तू काय? वापरायचाय कशाला?

घाईत_आहे
त्याने काय फरक पडतो? जुनं ते जुनं.

कागदीघोडे
सगळा फरक त्यानेच पडतो. वस्तूचा कॉपीराइट वेगळा, फोटोचा वेगळा. सपाट चित्राचा हुबेहूब फोटो असेल तर अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल निकालापासून त्यावर नवा हक्क मानत नाहीत, युरोपियन युनियननेही २०१९ च्या निर्देशात साधारण तेच म्हटलंय. पण मूर्ती किंवा भांडं असेल तर उजेड कुठून पाडायचा, कोन कुठला घ्यायचा हे फोटो काढणारा ठरवतो, तिथे त्याचा हक्क येतो.

झटपट
एवढं काही नसतं हो. खाली 'फोटो सौजन्य' टाका आणि मोकळे व्हा, मी कायम तेच करतो, आजवर कुणी हटकलं नाही.

कागदीघोडे
हटकलं नाही म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. सौजन्य वेगळं, परवानगी वेगळी.

झटपट
तुम्ही वकील आहात का?

पिक्सेलपंत
कव्हर वगैरे असेल तर ३०० डीपीआयची फाइल घ्या, साइटवरचा छोटा फोटो ताणला की फाटतो.

रिकामटेकडा
पंत, हे कुणी विचारलंय?

घाईत_आहे
बरं बाबा, सांगतो. ब्रिटिश म्युझियम, रोमन माणसाचं संगमरवरी डोकं, ई-बुकचं कव्हर. आणि हो, विकणार आहे, फुकट कोण लिहितं?

कागदीघोडे
हे आधी सांगितलं असतं तर! सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, ठराविक अटींवर वापरू देणारं तयार लायसन्स. बाय म्हणजे नाव द्यायचं, एनसी म्हणजे नॉन-कमर्शियल, धंद्यासाठी नाही. विकायच्या पुस्तकाला तो फोटो नको. शिवाय एसए (शेअर-अलाइक) आहे, म्हणजे त्यात फेरफार करून जे बनवाल तेही त्याच लायसन्सखाली द्यायचं. हाच फोटो हवा असेल तर म्युझियमकडून पैसे भरून वेगळं लायसन्स घ्या.

रंगारी
उलटा फिरवा, रंग बदला, तीस टक्के बदललं की आपलंच होतं.

कागदीघोडे
हा तीस टक्क्यांचा नियम कुठल्या कायद्यात आहे तेवढं दाखवा.

नीरजा_क
भांडत बसा. घाईत, मेटच्या (न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम) साइटवर जा. फेब्रुवारी २०१७ पासून त्यांनी पब्लिक डोमेनमधल्या (कॉपीराइट नसलेल्या) कलाकृतींचे फोटो सीसी झीरो केलेत, म्हणजे त्यांवरचे हक्क सोडलेत, विकायच्या पुस्तकावरही चालतात, नाव देणंसुद्धा बंधनकारक नाही (द्यावं मात्र). शोधताना ओपन अ‍ॅक्सेसवर टिक करा. अमेरिकेतल्याच क्लीव्हलंड म्युझियमने २०१९ ला आणि स्मिथसोनियन संस्थेने २०२० ला तेच केलं. पण सरसकट नाही हं, पिकासो १९७३ ला गेला, त्याची बरीच चित्रं अजून कॉपीराइटमध्ये आहेत. प्रत्येक फोटोच्या पानावर खूण बघूनच उतरवा.

झटपट
नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या, तिथे सगळं फुकट.

नीरजा_क
फुकट आहे, बिनशर्त नाही. तिथे दर फाइलचं लायसन्स वेगळं. सीसी बाय असेल तर फोटो काढणाऱ्याचं नाव, लायसन्सची लिंक आणि काही बदल केला असेल तर तेही लिहावं लागतं.

घाईत_आहे
मेटवर एक रोमन डोकं मिळालं, पब्लिक डोमेन लिहिलंय. पण नाक तुटलंय.

रिकामटेकडा
आता नाक बसवून द्यायला पंतांना बोलवा.

पिक्सेलपंत
फाइल किती एमबीची आहे?