१३एस पॅकमधला एक ग्रुप मागेच राहतोय

परळकर: इलेक्ट्रिक सायकलसाठी घरीच १८६५० (गोल लिथियम-आयन) सेलचा १३एस ४पी बॅटरी पॅक बनवलाय, म्हणजे चार-चार सेल समांतर जोडलेले १३ ग्रुप एकामागे एक, सेल लॅमिंग्टन रोडवरून आणले. चार्जरचा हिरवा लाइट लागतो तेव्हा बाकीचे ग्रुप ४.२१ व्होल्टला असतात आणि ७ नंबरचा ४.०५ लाच. बीएमएस (पॅक सांभाळणारं सर्किट) बॅलन्स का करत नाहीये, म्हणजे सगळे ग्रुप सारखे का करत नाहीये?

सोल्डरवाला: करतंय रे पण खूप हळू. साध्या बीएमएसमध्ये भरलेल्या ग्रुपचा करंट छोट्या रेझिस्टरमधून जाळतात, ५०-६० मिलिअँपिअर फक्त, म्हणजे १ अँपिअर-अवरचा फरक असेल तर २० तास धर. त्यापेक्षा लोड आणि चार्जर दोन्ही काढ, त्या एकाच ग्रुपला सिंगल सेल चार्जर लावून ४.२० पर्यंत भर.

मुलुंड_ईव्ही: भरल्यावर पॅक आठवडाभर नुसता ठेव आणि रोज मीटर लाव. तोच ग्रुप परत उतरला तर एखादा सेल नुसता ठेवूनही आतल्या आत चार्ज गमावतोय. माझ्या पॅकमध्ये सेल जोडणारी निकेल पट्टी सोडवून चारही सेल वेगळे ठेवले तेव्हा एकच चार दिवसांत ३.९ ला आला, बाकीचे जागचे हलले नाहीत. आणि प्लीज, रात्री झोपताना चार्जिंगला लावू नकोस, दाराजवळ तर अजिबातच नको, आग लागली तर बाहेर पडायची वाट अडेल.

परळकर: आज भरतो, रविवारी रीडिंग टाकतो.