सेल्फ मारला की नुसतं 'टक्', गाडी चालूच होत नाही

घाटवळण
मंडळी जरा मदत करा. पेट्रोल गाडी, मॅन्युअल गियर, बऱ्यापैकी जुनी. रात्री नीट लावून ठेवली आणि सकाळी चावी फिरवली तर पुढून एकच 'टक्' आणि मग काही नाही, इंजिन हलत पण नाही. परत फिरवली की परत एक टक्. हॉर्न दणदणीत वाजतोय, हेडलाइट लागतात, म्हणजे बॅटरी ठीकच असणार ना? धक्का मारून सेकंड गियरवर चालू झाली पण बंद केली की परत तेच रडगाणं. मेकॅनिक न बघताच फोनवर म्हणतो स्टार्टर गेला, नवीन टाकू. शेजारचे काका म्हणतात बॅटरी बदल. कुणाचं ऐकू?

पाना_पक्कड
दोघांचंही नको, आधी बघा तरी. हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी चांगली, हे काही खरं नाही. हॉर्नला चार-पाच अँपिअर लागतात, स्टार्टर इंजिन फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. अर्धमेली बॅटरी हॉर्न आरामात वाजवते आणि सेल्फला मान टाकते.

पण तुमचा आवाज एकच टक् आहे हे महत्त्वाचं. बॅटरी उतरली असेल तर बहुतेक वेळा टकटकटकटक असा भराभर आवाज येतो, कारण सोलेनॉइड (स्टार्टरवरचा, विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) ओढलं जातं, लोड आला की व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतं, व्होल्टेज परत वर येतं, पुन्हा ओढलं जातं, असं चालू राहतं. एकच ठाम टक् म्हणजे सोलेनॉइडने आपलं काम केलं पण मोटरपर्यंत करंट पोचला नाही, किंवा पोचला पण मोटर अडकलीय. धक्क्याने चालू होते म्हणजे इंजिन जाम नाही, ती भीती सोडा.

एक करा, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा, कोणाला तरी समोर उभं करून लाइट बघायला सांगा (बाजूला उभं करा हो, अगदी समोर नको, आणि गियर न्यूट्रल, हँडब्रेक वर). लाइट एकदम मंद झाले तर बॅटरीवर लोड येतोय, जराही हलले नाहीत तर लोड येतच नाहीये.

सावकाश_चालवा
मी सरळ जंपर केबल लावून बघितलं असतं, पाच मिनिटात निकाल. फक्त क्रम पाळा. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. आणि धक्का मारताना लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, उतारावर हे उद्योग नकोत.

घाटवळण
लाइट जवळजवळ मंद होतच नाहीत. मित्राचा मल्टीमीटर आणला, बॅटरीवर १२.५ दाखवतोय, सेल्फ मारताना १२.२. म्हणजे बॅटरी चांगली आणि स्टार्टर गेला, मेकॅनिक बरोबर होता??

पाना_पक्कड
थांबा थांबा. पूर्ण चार्ज बॅटरी बंद गाडीत १२.६ च्या आसपास असते, तुमची ठीक आहे. पण खरी गंमत १२.२ मध्ये आहे. स्टार्टर खरोखर करंट ओढत असता तर व्होल्टेज १० च्या आसपास तरी उतरलं असतं (९.६ च्या खाली गेलं की बॅटरीवर संशय घ्यायचा). इथे बॅटरीवर लोडच येत नाहीये. जोड कुठेतरी तुटलाय. तो स्टार्टरच्या आत असू शकतो, म्हणजे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजलेत किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत, पण बाहेरही असू शकतो आणि बाहेरचं दुरुस्त करायला जवळपास फुकट आहे.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि दर वेळी कोणीतरी सेल्फ मारलेला असतानाच रीडिंग घ्या.

एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरं त्याच खुंटाला बसवलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही खुंटांना करा. जवळजवळ शून्य यायला हवं. क्लॅम्प वरून चकचकीत दिसला तरी आतून काळपट थर असतो, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

मग मायनस खुंट ते इंजिनचा ब्लॉक. ०.२-०.३ पेक्षा जास्त आलं तर अर्थची वायर (बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-गिअरबॉक्सला जाणारी) धरा.

मग प्लस खुंट ते स्टार्टरचा जाड बोल्ट. अर्ध्या व्होल्टच्या वर जाऊ नये. हे तिन्ही ठीक आले तरच स्टार्टर उतरवायचा. तेव्हा सुद्धा आधी कार्बन आणि सोलेनॉइड, अख्खा नवीन स्टार्टर सगळ्यात शेवटी.

जुनंतेसोनं
स्टार्टरच्या बॉडीवर लाकडाने हलकेच ठोकून सेल्फ मारा, कार्बन अडकले असतील तर चालू होते. पण तो गॅरेजपर्यंत जाण्यापुरता उपाय, रोजचा नाही. आणि ज्यांची गाडी पाण्यातून गेल्यावर असा एकच टक् करते त्यांनी मात्र सेल्फ मारूच नका, धक्का पण नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

घाटवळण
खुंट-क्लॅम्प दोन्हीकडे शून्य. मायनस ते ब्लॉक... सात व्होल्ट!! बॅटरीच्या ट्रेखाली वाकून बघितलं तर अर्थची वायर गिअरबॉक्सला जिथे बोल्टने बसते तिथे हिरवी पूड आणि लग (वायरच्या टोकाचं कडं) हाताने हलतोय. हे साफ केलं की बास का?

पाना_पक्कड
सापडला चोर. आधी बॅटरीचा मायनस काढा. लग आणि खालचं लोखंड पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, बोल्ट कडक आवळा, वरून थोडं ग्रीस. लगजवळ वायरच्या तारा हिरव्या होऊन तुटल्या असतील तर मात्र वायरच बदला, घासून ती महिनाभर फसवेल. मायनस सगळ्यात शेवटी जोडा. गाडी चालू झाली की बॅटरीवर एकदा मीटर लावा, १४ च्या आसपास दिसायला हवं, आणि मायनस ते ब्लॉक परत मोजून इथे टाका.