पोरांचे कपडे वर्षभरात तोकडे होतात. कमी कपड्यांत पाच माणसांचं घर कसं चालवता?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी घरातली सगळी कपाटं रिकामी केली. आम्ही पाच जण: मी, नवरा, सासूबाई, लेक 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. एकट्या लेकीचे 41 कपडे निघाले. त्यातले 17 तिने या वर्षात अंगाला लावलेले नाहीत. वाढदिवसाचा नेटचा फ्रॉक दोनदा घातला, तिसऱ्यांदा काढला तर पाठीची चेन लागेना. आणि तरी रोज संध्याकाळी "आई, मला घालायला काहीच नाही" आहेच.

नको ते सगळं बोहारणीपुढे ठेवलं. तिने नवऱ्याच्या जीन्स आणि जरीच्या दोन साड्या तेवढ्या उचलल्या, टी-शर्टचा ढीग पायाने सारला. "ताई, हे कोण घेतंय? ह्याचं फडकंसुद्धा पाणी पीत नाही." एक स्टीलचा डबा देऊन गेली, त्याचं झाकणही धड बसत नाही.

मग मला जोर चढला. ऑनलाइन 'ऑर्गॅनिक कॉटन' लिहिलेले चार टी-शर्ट मागवले, 899 ला एक. आल्यावर आतल्या शिवणीतलं लेबल वाचलं: 60 टक्के कॉटन, 40 टक्के पॉलिएस्टर. परत पाठवले. चारही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत होते, ते आणखी वेगळंच.

नणंदेची मुलगी लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, तिचे कपडे आयते मिळतील. पण सासूबाईंना 'दुसऱ्याचं उतरलेलं' चालत नाही. पाचही जणांना खादी घ्यायची तर पगार पुरायचा नाही. कॉटन म्हणून घेतलेलं खरंच कॉटन आहे का हे कसं ओळखता? वाढत्या अंगाच्या मुलांचं काय करता? आणि तो टी-शर्टचा ढीग अजून गॅलरीतच आहे. शिकवणी नको, घरात करून बघितलंय तेवढंच सांगा.

सुईदोरा (कराड)

मी 22 वर्षं शिवते. त्यातली निम्मी अल्टर करण्यातच गेली म्हणा. तुमच्या लेकीचा कुठलाही रेडिमेड फ्रॉक उलटा करून बघा. शिवणीला लागून इंटरलॉक मारलेलं असतं आणि पलीकडचं कापड कापून टाकलेलं. पाव इंच उरतं. माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, ठेवलेलीच नाही, तर वाढवणार कुठून?

कापड घेऊन शिवायला टाका आणि सांगा: बाजूला दीड-दीड इंच माया, खाली चार इंच दुमड. माझ्या आईने माझ्या परकराला खाली तीन आडव्या चुण्या घातल्या होत्या. दर दिवाळीला एक उसवायची. वर्गातल्या मुलींना ती फॅशन वाटायची, मीही कधी खरं सांगितलं नाही.

यात एक गोम आहे. उसवल्यावर जुन्या दुमडीची रेघ दिसते. आतलं कापड गडद राहिलेलं, बाहेरचं उन्हाने विटलेलं, आणि इस्त्रीने ती रेघ जात नाही. त्यावर जुन्या साडीचा काठ लावायचा. म्हणून गडद निळा, मरून असले एकरंगी कापड घेऊच नका. बारीक छापाचं घ्या, रेघ त्यात बुडून जाते. आणि सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाका. खळ निघते, आटायचं ते आधीच आटतं. नाहीतर ठेवलेली माया पहिल्या धुण्यातच संपली समजा.

मुलाच्या चड्डीचं इलॅस्टिक पट्टीत शिवून टाकायचं नाही. आतून एक भोक ठेवायचं, सैल झालं की ओढून बदलता येतं.

धोटा (इचलकरंजी)

आमच्या घरात दोन पिढ्या माग आहेत. कापडाच्या कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा, पेटवा (घरी, दुकानात नव्हे). कॉटन कागदासारखं जळतं, वासही तोच, राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. पीसी असेल, म्हणजे दोन्हींची मिसळ, तर राख चुरगळताना बोटाला खडा लागतो.

पण हल्ली 'कॉटन कुर्ती' म्हणून जो सुळसुळीत माल खपतो तो पुष्कळदा रेयॉन असतो. ते लाकडाच्या लगद्यापासून होतं, त्यामुळे जळतं अगदी कॉटनसारखं. तिथे काडेपेटी फसते. मग धागा मधोमध जिभेने ओला करायचा आणि ओढायचा. रेयॉन ओल्या जागी पटकन तुटतं. कॉटन ओलं झालं की उलट चिवट होतं.

आणि सुती म्हणजे निर्मळ, असं समजू नका. कोरं कापड रंगायला राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे गेलं तर तिथल्या नद्या नासतात, इथे रंगवलं तर आमची पंचगंगा. या धंद्यात राहून सांगतो, नवं चांगलं शोधण्यापेक्षा आहे ते दोन वर्षं जास्त घाला. माझे माग बंद पडतील तो भाग वेगळा. (हलके घ्या.)

वर्धेकर

खादी पाचांना एकदम कशाला? आमच्याकडे वर्षाला एकाचा नंबर लागतो. इथे मगन संग्रहालय आहे, गांधीजींनी 1938 साली सुरू केलेलं. तिथे सेंद्रिय कापसाची, झाडापानांच्या रंगांत रंगवलेली खादी मिळते. गेल्या वर्षी बाबांना काळा कुर्ता घेतला. लोखंडापासून केलेला काळा रंग होता तो. पहिल्याच रविवारी पोह्यांवर लिंबू पिळताना एक थेंब उडाला, तिथे पांढुरका ठिपका पडला. बाबा म्हणाले, असू दे, आता कुर्ता माझा झाला. रोज घालतात. असला कपडा वेगळा धुवायचा, उलटा करून सावलीत वाळवायचा. ज्याला हे जमणार नाही त्याने पैसे घालवू नयेत.

मिरजेचे अण्णा

ढिगाबद्दल: 'गूंज' संस्था जुने कपडे घेते. सुती असेल तर फाटक्या साड्या-चादरीसुद्धा उपयोगी पडतात, त्यांचे ते पाळीसाठी कापडी पॅड करतात. धुऊन द्या. पाणी न पिणारे टी-शर्ट मात्र कोणाच्या गळ्यात मारू नका. बारीक कापून लोडात भरा, आमचा दिवाणखान्यातला लोड तसाच आहे.

सासूबाईंबद्दल: त्यांच्या मुलाला बारशाआधी काय घातलं होतं ते विचारा. आजीच्या लुगड्याचं दुपटं आणि आजोबांच्या धोतराची झबली असणार, कारण नवं कापड बाळाला टोचतं. ते उतरलेलंच की! पण भांडणात नको, चहा करून विचारा.

कृष्णाकाठची (सांगली)

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

अण्णा, चहा केला. सासूबाई ऐकून घेऊन गप्प बसल्या. मग माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. तळाशी नवऱ्याची तीन झबली निघाली, धोतराचीच, मऊ सायीसारखी. एकाच्या आत धोतराची किनार तशीच आहे. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाल्या, "तिच्या पोरीचे आणायचे तर इस्त्री करून आण." आठ कपडे आले. लेकीने त्यातला एक घालायचाच नाही असं ठरवलंय, ताईच्या शाळेच्या गॅदरिंगचा आहे म्हणून. असो.

धोटा, धागा ओढून बघितला. माझ्या तीन 'कॉटन' कुर्त्यांपैकी दोन टचकन तुटल्या. म्हणजे धागे.

बारीक छापाचं मलमल घेतलं, सव्वादोन मीटर, रात्रभर भिजवलं. सकाळी बादलीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. टेलरकाका माया ऐकून वैतागले: "दीड इंच? तुमची पोरगी रबराची आहे का?" शेवटी पन्नास रुपये जास्त लावून तयार झाले. फ्रॉकचे एकूण 720 पडले. रेडिमेड तीनशेला मिळाला असता हे नवऱ्याने दोनदा ऐकवलं.

अवांतर: काल जूनसाठी नवा युनिफॉर्म आणला. शाळा सांगेल त्याच दुकानातून घ्यावा लागतो. घरी येऊन आधी पिनो (शर्टावरून घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक) उलटा केला. पाव इंच! शनिवारी पालकसभा आहे. सुईदोराताई, खालची दुमड किती मागू? चार मागितली तर दोन तरी मिळेल ना?