दाढ: फिलिंग की रूट कॅनाल? उद्याच ठरवायचंय

ओसरी:
डॉक्टर रूट कॅनाल आणि वर कॅप म्हणतायत. मला नुसतं फिलिंग हवंय. दाढेवर काळा ठिपका आहे, बस्स. एवढ्याशासाठी इतक्या फेऱ्या? उद्या सकाळी जायचंय, लवकर सांगा.

निळी शाई:
कुठली दाढ? एक्स-रे काढला का? दुखतं कसं, ते लिहिलंच नाहीत.

पायवाट:
सरळ काढून टाका. मी काढली, नऊ वर्षांत काही बिघडलं नाही.

रानफूल:
असले सल्ले नका देऊ हो! मी काढली, तर समोरची वरची दाढ खाली उतरायला लागली, शेजारची कलली. शेवटी ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या नकली दातासाठी, दोन्हीकडचे धडधाकट दात घासावे लागले. तुमची कुठली होती?

पायवाट:
अक्कलदाढ.

रानफूल:
मग ते आधी सांगायचं ना. अक्कलदाढेची गोष्टच वेगळी.

झुळूक:
स्केलिंग मात्र अजिबात करू नका. माझे दात त्यानेच हलायला लागले.

निळी शाई:
स्केलिंगने नाही हलत. कीटणाखाली हिरडी नि हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघालं की ते जाणवतं. पण इथे विषय तो नाही. ओसरी, आहात का?

ओसरी:
आहे. खालची उजवी, शेवटून दुसरी. एक्स-रेत काळी सावली पार नसेपर्यंत गेलेली दाखवली. गेल्या आठवड्यात थंड पाणी लागलं की कळ पाच-दहा मिनिटं जायची नाही. आडवं झालं की ठणका. दोन रात्री भिंतीला टेकून बसून काढल्या. पण परवापासून दुखणं एकदम थांबलंय. बरी होतेय ना?

निळी शाई:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. थंड लागून लगेच थांबते ती शिवशिव, तिथे फिलिंगवर भागतं. रेंगाळणारी, झोपू न देणारी कळ म्हणजे आतली नस सुजलेली, आणि दातात सुजायला जागा नसते. आता दुखणं आपोआप थांबलंय म्हणजे बहुधा नस मेली. जंतू तिथेच आहेत, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि गळू होतं. वरून फिलिंग केलंत तर सगळं आत कोंडलं जाईल. रूट कॅनालमध्ये नस काढतात, मुळांतल्या नळ्या साफ करून गटापर्चाने, म्हणजे रबरासारख्या पदार्थाने, भरतात. खालच्या दाढेत नळ्या बहुधा तीन, कधी चार, म्हणून वेळ लागतो.
कॅप टाळू नका. मी टाळली. सहा महिन्यांत चावता चावता कट्कन आवाज आला, दाढ मुळापर्यंत उभी चिरली. काढावीच लागली.

पायवाट:
आधी अँटिबायोटिकचा कोर्स करून बघा की.

रानफूल:
मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, गोळी कशी पोचणार?

ओसरी:
बरं, करून घेते. पण नस मेली असेल तर भुलेचं इंजेक्शन कशाला? मला सुईचीच भीती वाटते.

निळी शाई:
घ्याच. एका मुळातली मेली तरी दुसऱ्यातली जिवंत असू शकते. आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावायला सांगा, सुई कमी टोचते.