बारावीनंतर राज्यशास्त्र नको म्हणणाऱ्या काकांना

कडोलीची लेक
उद्यमबागवाल्या काकांची कालची पोस्ट गल्लीच्या ग्रुपवरून आमच्या आप्पांच्या मोबाइलवर आली, म्हणून एवढं लिहावं लागतंय. काकांचं म्हणणं असं: आर्ट्सच्या पोरांनी राज्यशास्त्र घेऊन तीन वर्षं पाण्यात घालू नयेत. पोरांनी आयटीआय करावं, पोरींनी बीकॉम करून टॅली शिकावी. राज्यशास्त्र पुढाऱ्यांच्या पोरांना ठेवावं, कारण "त्यांना निदान वापरायला मिळतंय".

माझ्या धाकट्या बहिणीला एचईपी घ्यायचंय. मधे एनईपीमुळं, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळं, दोनच मुख्य विषयांची भानगड होती, २०२४ ला कर्नाटक सरकारनं परत तीन वर्षं, तीन विषय केलं, तेव्हा इतिहास-अर्थशास्त्र-राज्यशास्त्र हे जुनं त्रिकूट परत मिळतंय म्हणून ती खूश होती. आता आप्पा तुमची पोस्ट दाखवून तिला बीकॉमचा फॉर्म भरायला लावतायत.

काका, तुमच्या टॅलीबद्दल राग नाही. राग त्या शेवटच्या वाक्याचा आहे. आपल्या बेळगाव भागात कुठल्याही कट्ट्यावर बसा, अर्ध्या तासात सीमाप्रश्न निघतोच. पण महाराष्ट्राचा २००४ चा दावा कुठल्या कलमाखाली आहे विचारलं की सगळे चहा मागवतात. तो राज्यघटनेच्या कलम १३१ खाली आहे: राज्याविरुद्ध राज्य, थेट सर्वोच्च न्यायालयात. कर्नाटक म्हणतंय की सीमा बदलणं हे कलम ३ प्रमाणं संसदेचं काम, कोर्टाचं नव्हे. म्हणजे गाव कुणाचं हे ठरण्याआधी, ठरवायचं कुणी याचंच भांडण आहे. आमचे आप्पा प्रत्येक तारखेला उद्या निकाल लागणार म्हणून पेपरची वाट बघतात. हे मला बीएच्या वर्गात कळलं, कुठल्या सभेत नाही. सभेत हे कुणी सांगत नसतंय.

उद्यमबागवाला
बाळ, तू हुशार आहेस, मान्य. पण कलम ३ नं पोट भरतंय काय? माझ्या वर्कशॉपला बीए झालेली पोरं हेल्पर म्हणून येतात. एकाला विचारलं काय शिकलास, म्हणाला प्लेटोचा तत्त्वज्ञ राजा. म्हटलं बरं झालं, आता कूलंट बदल. त्याच्याहून लहान आयटीआयवाला त्याला काम सांगतोय आणि पगारही जास्त घेतोय. इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात आपल्या सीमाभागातल्या मराठी पोरांना वेगळी सोय आहे. बीए राज्यशास्त्राला काय आहे? गाइड आणि झेरॉक्स.

येळ्ळूर ८६
काकाशी सहमत. आणि पोरी, मला तुझं १३१ बीए न करता पाठ आहे. १९६६ ला सेनापती बापटांच्या उपोषणानंतर सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग आला, १९६७ ला अहवाल आला, निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्या म्हणाला आणि बेळगाव ठेवलं इकडंच. आंध्र-मद्रासची सीमा ठरवताना पाटसकरांनी खेडं हा घटक धरला होता, १९५९ ला तसा कायदाही झाला. आम्हालाच तो न्याय का नको? हे आम्ही मोर्चात शिकलो. पण शिकून काय उपयोग, आपलीच माणसं आपल्याच माणसाच्या विरोधात उभी राहतात. २०१३ ला आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार. २०१८ ला भोपळा. २०२३ ला भोपळा. यावर लिही काहीतरी.

तात्पुरता प्राध्यापक
मी हाच विषय शिकवतो. काकांचं गाइडबद्दलचं म्हणणं नाइलाजानं मान्य. वर्गात निम्मी पोरं कन्नड माध्यमाची, निम्मी मराठीतून आलेली, पुस्तक इंग्रजी. मी एक वाक्य कन्नडमधून बोलतो, तेच मराठीतून बोलतो, तोवर तास संपतो. मग परीक्षेपुरतं डिक्टेशन. राज्य पुनर्रचना आयोग शिकवताना फजल अली, कुंझरू, पणिक्कर, नेमणूक १९५३, अहवाल १९५५, एवढं सांगून पान उलटतो. पुढं बेळगावचं नाव घेतलं की दोन्ही बाकांवरची पोरं माझ्याकडं न बघता एकमेकांकडं बघायला लागतात. मी गेस्ट लेक्चरर आहे. पुढच्या वर्षी मला परत बोलावतील की नाही हे मलाच माहीत नसतंय, वाद कशाला अंगावर घेऊ? सुट्टीतला पगार नाही, वेळेवरचा पगार नाही. राज्यशास्त्र का बिघडलं विचारता, आधी शिकवणाऱ्याला काय मिळतंय ते विचारा.

निपाणीची विडी
झालं, सरांचा पगार आला धाग्यात. आता रस्त्यातले खड्डे आणि उसाची बिलं तेवढी राहिली.

कडोलीची लेक
येळ्ळूरच्या मामांना आधी. आमदार का पडले हेसुद्धा राज्यशास्त्रच आहे. जिथं सगळ्यात जास्त मतं घेणारा एकच निवडून येतो तिथं बारकी फूटसुद्धा जीवघेणी ठरते. द्युव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं हेच मांडलं, की अशा पद्धतीत शेवटी दोनच मोठे पक्ष टिकतात. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला लाखाच्या वर मतं पडली. मतदार कुठं गेला नव्हता. त्याला दोन-दोन उमेदवार दिले की तो तिसऱ्याकडं जातोय, एवढंच.

आता काकांच्या पोटाचं. आमच्याकडं रस्त्यासाठी जमीन घ्यायची नोटीस निघाली. निघाली म्हणजे पेपरात छापून आली, कन्नडमध्ये. गावात तो पेपर एका दुकानात येतो आणि त्यात चिरमुरे बांधून देतात. वर्गात बसून बसून मला कन्नड वाचता येत होतं म्हणून ती माझ्या हाती लागली. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ३सी नावाचं कलम आहे: अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घ्यायची. त्यातले बरेच दिवस गेलेले. मी आणि माझ्या वर्गातल्या दोघींनी मिळून घरोघरचे उतारे गोळा केले, हरकती लिहिल्या, पोच घेतली. खिडकीवरचा साहेब म्हणाला, वकील कुठाय? म्हटलं, वकील लागतच नाही हरकतीला, कायदा वाचा. जमीन वाचेल की नाही ते पुढचं पुढं, पण "आम्हाला कळवलंच नाही" म्हणून रडत बसायची पाळी आली नाही. हे काम टॅलीनं झालं नसतं, काका.

येळ्ळूर ८६
तूच तुझ्या तोंडानं बोललीस. नोटीस कन्नडमध्ये का? मराठी गावात मराठीत का नाही? आणि तुम्ही शिकलेल्या पोरी "मला कन्नड येत होतं" करून मिरवताय. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात आमच्या माणसांनी गोळ्या झेलल्या. त्या काय तू वर्गात कन्नड शिकून हरकती लिहाव्यात म्हणून? आणि ते पण कडोलीतनं, जिथं दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतंय!

कडोलीची लेक
मामा, मोठे आहात म्हणून ऐकून घेते. गोळ्या झेलणाऱ्यांना मधे घालू नका. मी मिरवले नाही, वाचली. तुमच्या शेतात नोटीस आली असती तर आधी निषेध केला असता की आधी वाचली असती?

येळ्ळूर ८६
निषेध.

निपाणीची विडी
आणि एकविसाव्या दिवशी फलक रंगवायला घेतला असता.

येळ्ळूर ८६
२०१४ ला आमच्या गावचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढताना पोलिसांनी घराघरात घुसून काय केलं ते बघितलं नाहीस तू, म्हणून विनोद सुचतात. तुम्हा निपाणीवाल्यांना सगळं हसण्यावारी.

निपाणीची विडी
बरं बाबा, फलकाचा शब्द मागं. विडी विझवली.

तात्पुरता प्राध्यापक
मामांचा मूळ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर अभ्यासक्रमातच आहे, मी घाईत उरकतो त्या भागात. भाषिक अल्पसंख्याकांची पंधरा टक्के वस्ती असेल तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्र आणि राज्यांमध्ये फार जुनं ठरलेलं आहे. घटनेच्या कलम ३५० बी खाली त्यासाठी आयुक्तही आहे. पण हे आश्वासन आहे, मोडलं म्हणून कोर्टात हुकमी दाद मिळेल असा हक्क नव्हे. मोर्च्याला "सक्ती बंद करा" ही घोषणा असते. अमुक तारखेची, अमुक गावची नोटीस मराठीत नव्हती, असं लिहून आयुक्तांकडं पाठवलेले अर्ज किती? पोरांना हे लिहायला लावायला पाहिजे.

येळ्ळूर ८६
मग लावा की ओ सर. पान का उलटता?

तात्पुरता प्राध्यापक
वर लिहिलंय का उलटतो. भाषण देणं सोपं आहे मामा, तुमचं घर माझ्या हजेरीपटावर चालत नाही.

कोल्हापूरकर
सगळं वाचलं. सीमाबांधवांना एक सुचवतो. एवढा त्रास कशाला? सरळ आमच्याकडे या, शिवाजी विद्यापीठात मराठीतून राज्यशास्त्र करा, प्रश्नच मिटला. आम्ही कायम तुमच्या पाठीशी आहोत.

खानापूर घाट
दादा, पाठीशी आहात ते दिसतंय, पुढं कधी येताय?

येळ्ळूर ८६
१९५६ ला चंदगड तुमच्याकडं गेलं, आम्ही राहिलो. तेव्हापासून "पाठीशी" ऐकतोय. आमची आठवण तुम्हाला एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आणि तुमच्या निवडणुकीला येते. २०२२ ला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्री बसले, कोर्टाचा निकाल येईपर्यंत कुणी दावा सांगायचा नाही म्हणून ठरलं. तीन-तीन मंत्र्यांची समिती झाली. त्यातला एक तरी मंत्री येळ्ळूरला आला काय?

कोल्हापूरकर
मी मदतीच्या भावनेने लिहिलं. इतकं तोडून बोलायची गरज नव्हती.

कडोलीची लेक
दादा, भावना पोचली. खोलीभाडं, मेस, एसटीचा खर्च पण पोचवा. बहिणीला आप्पा बेळगावला पाठवायला का-कू करतायत आणि तुम्ही कोल्हापूरचं सांगताय. ज्यांना जमतंय ते जातातच.

खानापूर घाट
मी फर्स्ट इयरला आहे, एचईपीच. भांडण जरा बाजूला ठेवून कुणी सांगता काय? मला पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी व्हायचंय. कन्नडचा पेपर आडवा येतोय. घरी म्हणतात एमपीएससी कर, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना तिकडं अर्ज करता येतोय. दोन्हीकडं पाय ठेवायचा की एकच धरायचं?

तात्पुरता प्राध्यापक
८६५ च्या यादीत तुझं गाव आहे का ते आधी बघ, रहिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेव, तिथं पोरं अडकतात. दोन्हीकडं राज्यघटना आणि पंचायत राज सारखंच आहे, ७३ वी घटनादुरुस्ती काही सीमेवर थांबत नाही. फरक राज्याच्या कायद्याचा आणि भाषेचा. कन्नड आत्तापासून रोज एक पान लिही. मामा रागावतील, रागावू देत.

येळ्ळूर ८६
रागावणारच. पण पीडीओ मराठी पोरगा झाला तर पंचायतीत म्हातारीला मराठीत बोलता तरी येईल. शिक बाबा. सक्तीनं नको, तुझ्या गरजेनं शिक. आणि साहेब झाल्यावर आम्हाला कन्नडमध्ये उत्तर देऊ नकोस, तसले पण बघितलेत.

उद्यमबागवाला
दोन तास लेथ बंद पडलं होतं म्हणून सगळं वाचलं. एक विचारतो. माझ्या शेडच्या मागच्या जागेवर पण रस्त्याची रेघ आलीय म्हणतात. मला पेपर मिळाला नाही, नोटीस मिळाली नाही. ती हरकत भाडेकरूला घेता येते का मालकालाच?

कडोलीची लेक
जमिनीत हितसंबंध असलेल्या कुणालाही घेता येते, काका. तुमचा हितसंबंध कुठल्या कागदावर आहे ते बघावं लागेल. करारनामा आणि अधिसूचनेचा पेपर घेऊन या, तारीख बघू. पण आधी आमच्या आप्पांना फोन करा.

उद्यमबागवाला
करतो. एचईपी घेऊ दे म्हणतो. टॅलीचा क्लास संध्याकाळी लावा पण, हे मी सोडणार नाही. आणि तो प्लेटोवाला उद्यापासून माझ्याकडं कूलंटऐवजी कागद बघणार असेल तर पगार तेवढाच राहील, आत्ताच सांगतो.

निपाणीची विडी
काका, त्याला किमान वेतनाचा कायदा पण शिकवलेला असतोय. जपून.